अकरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा पळणं आणि सायकल : दम परत आला, पाय येईनात

यवतेश्वर_पायथा | २३ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

वय ४६, मुक्काम सातारा, काम दिवसभर बसून. २०१२ साली साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा पहिल्याच वर्षी पळलो होतो, दुसऱ्या वर्षीही. शनिवारी पहाटे सायकल काढून कासला जायचं आणि जेवायच्या वेळेला घरी परत, हा तेव्हाचा नेम. मग बदली झाली, मुलगी झाली, आईचं आजारपण आलं आणि खंड पडला तो तब्बल ११ वर्षांचा.

फेब्रुवारीत रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.१ आली. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा पट्टा. माझ्या वडिलांना मधुमेह होता. त्यांच्या पायाची जखम मी महिनोन्‌महिने धुतली आहे. रिपोर्ट घेऊन घरी आलो आणि माळ्यावरून बुटांचं खोकं खाली काढलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज ५ किलोमीटर, आणि जमेल तितक्या जुन्या वेगाने. पहिले दहा दिवस छाती फुटायची वेळ येत होती. पण तिसऱ्या आठवड्यात दम असा परत आला की माझाच विश्वास बसेना. वाटलं, शरीर काही विसरलेलं नाही. त्याच आठवड्यात उजव्या नडगीला आतल्या बाजूने ठणका लागला. आधी पळून झाल्यावर दुखायचं, मग पळताना, आता ऑफिसचा जिना उतरताना सुद्धा. बूट अकरा वर्षांपूर्वीचेच होते. चौथ्या दिवशी डाव्याचा तळ पुढून उकलला, तो फेविक्विकने चिकटवून तसाच पळत राहिलो.

सायकलचं वेगळंच. पार्किंगमध्ये भिंतीला टांगलेली होती, दुरुस्तीला दिली. धुऊनपुसून चकचकीत मिळाली. रविवारी यवतेश्वरचा घाट चढलो, थांबत थांबत का होईना पण पूर्ण चढलो. उतरताना दुसऱ्या वळणावर मागच्या ब्रेकची मूठ एकदम हँडलला टेकली. वायर आवळणारा नट नीट आवळलेलाच नव्हता, वायर निसटली होती. पुढच्या ब्रेकवर कसाबसा वेग आवरला आणि डोंगराच्या बाजूच्या गटाराशी येऊन थांबलो. समोरून एसटी येत होती. घाट उरलेला चालत उतरलो.

मला सोडायचं नाहीये. म्हणून अनुभवी लोकांना विचारतो : नडगीचं काय करू? पळणं आणि सायकल आठवड्यात कसं बसवू? आणि इतकी वर्षं पडून असलेल्या सायकलचं नक्की काय काय बदलायला हवं?

-----

पायवाट | २३ मार्च, रात्री ११.०५

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आधी एक तपासणी सांगते. खुर्चीत बसा, अंगठ्याने नडगीच्या आतल्या कडेवरून वरून खाली दाबत या. चार बोटं रुंद किंवा त्याहून लांब पट्टा दुखतोय की एकाच बिंदूवर, अगदी रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, कळ येतेय? रात्री झोपेत दुखतं का? त्या पायावर उडी मारता येते का? उत्तर द्या, मग पुढे बोलू. तोवर पळणं बंद.

-----

सह्यधार | २४ मार्च, सकाळी ६.२०

दादा, मी पोलीस भरतीच्या पोरांसोबत मैदानावर असतो. १६०० मीटरच्या तयारीत प्रत्येकाची नडगी धरते. थांबलात तर शरीर आळसावतं. गरम पाण्याचा शेक घ्या आणि रोज पळत राहा, आठवड्याभरात आपोआप सुटतं. आमची पोरं अशीच तयार झाली.

-----

यवतेश्वर_पायथा | २४ मार्च, सकाळी ८.१५

पायवाट ताई, दाबून बघितलं. घोट्याच्या वर साधारण वीतभर पट्टा दुखतो, एक असा बिंदू सापडत नाही. रात्री दुखत नाही. उडी मारता येते, पण नको वाटतं.

-----

पायवाट | २४ मार्च, दुपारी २.३०

वीतभर पट्टा असेल तर बहुतेक हाडाच्या कडेला ताण आलाय. एकाच बिंदूवर कळ आली असती किंवा रात्री ठणकलं असतं तर सरळ अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा म्हटलं असतं. हाडाला केसासारखी बारीक चीर गेलेली असते आणि सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती दिसतही नाही. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर तुम्हीही दाखवून घ्या. इथे वाचून केलेलं निदान हे निदान नव्हे.

सह्यधार, तुमच्या मुलांची मेहनत मला माहीत आहे, मी अशा मुलांना तपासते. दरवर्षी भरतीच्या आधी दोन-तीन जण नडगीला चीर घेऊन येतात, आणि ज्या भरतीसाठी एवढा घाम गाळला तीच त्यांच्या हातून जाते. ‘आपोआप सुटलं’ म्हणणारी मुलं तुम्हाला मैदानावर दिसतात. ज्यांचं सुटलं नाही ती मैदानावर येतच नाहीत. शिवाय एकोणीस वर्षांचं हाड आणि सेहेचाळीस वर्षांचं हाड यांना एकच माप लावू नका.

यवतेश्वर, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शीर्षकात आहे. व्यायाम सुटला की पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग कमी होतो, हृदय एका ठोक्याला कमी रक्त ढकलतं, म्हणून दम लागतो. पण जे लवकर जातं ते लवकर परतही येतं. तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला जो आनंद झाला तो याचाच. हाडं आणि कंडरा मात्र महिन्यांच्या हिशोबाने बदलतात. हाडावर ताण आला की आधी जुना भाग झिजवला जातो आणि मग नवा भरला जातो, मधले काही आठवडे ते हाड आधीपेक्षा कच्चं असतं. नेमकं तेव्हाच दम म्हणतो, चल अजून. परतलेले जुने धावपटू दुखावतात ते बऱ्याचदा यामुळेच : त्यांचं मन अजून जुन्या वेगात असतं.

आता करायचं काय. दोन आठवडे पळणं पूर्ण बंद, सायकल चालू, सपाटीवर, दुखत नसेल तर. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा सावकाश वर, सावकाश खाली : गुडघा ताठ ठेवून १२ वेळा, थोडा वाकवून १२ वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. गुडघा वाकवला की पोटरीचा आतला स्नायू काम करतो, पळताना नडगीचा भार तोच उचलतो आणि त्याच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. भरभर चालताना अर्धा तास अजिबात दुखलं नाही की मग एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. एक दिवसाआडच. आणि ते बूट आजच टाकून द्या. आतला फोम वापरला नाही तरी कडक होतो.

-----

निवृत्त_गणितमास्तर | २४ मार्च, रात्री ८.००

वय ६७. कोल्हापूर. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट करून परवानगी दिली तेव्हापासून रंकाळ्यावर चालतो, मध्ये मध्ये पळतो.

वेग किती ठेवायचा हे सगळे घड्याळाला विचारतात. मला घड्याळ उपयोगी नाही, कारण रक्तदाबाची माझी गोळी नाडीच वाढू देत नाही. २२० वजा वय हे सूत्रही सरासरीचं आहे, एकेका माणसाला दहा-पंधरा ठोक्यांनी चुकतं. म्हणून मी पाढे म्हणत पळतो. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. एका श्वासात तीन पायऱ्या आरामात बोलता आल्या की वेग बरोबर. ‘सतरा चोक’ म्हणून ‘अडुसष्ट’ला श्वास घ्यावा लागला की वेग जास्त झाला, लगेच चालायचं. पाढे पूर्ण पाठ असलेला हवा, म्हणजे डोकं आकड्यात अडकत नाही.

यवतेश्वर, तुम्ही वडिलांची जखम धुतलीत असं लिहिलंत. माझे वडीलही त्यातच गेले. तुम्ही ४६ व्या वर्षी जागे झालात, मी ६३ व्या. तुमच्या हाती खूप वेळ आहे, घाई करू नका.

-----

गोदाकाठ | २५ मार्च, सकाळी ७.१०

सायकलचं मी घेतो. नाशिककर आहे, आमच्याकडे सायकलचं वारं जोरात आहे. महाजन बंधू, दोघंही डॉक्टर, आपापलं काम सांभाळून २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी रॅम शर्यत जोडीने पूर्ण करून आले, त्यानंतर आमच्या गल्लीतल्या पन्नाशीच्या लोकांनीही सायकली काढल्या. मी त्यातलाच.

तुमचा ब्रेक ऐकून अंगावर काटा आला. दुरुस्तीहून आलेल्या सायकलचा पहिला चेक आपण स्वतः करायचा, कोणाच्याही भरवशावर नाही. दुकानाच्या दारात उभं राहून एकेक मूठ पूर्ण ताकदीने दहा वेळा आवळायची. वायर निसटायची असेल तर तिथेच निसटू दे. मग मूठ आवळून धरून सायकल पुढे-मागे ढकलायची, चाक फिरता कामा नये आणि हँडल खालून खडखडता कामा नये. पुढचं चाक उचलून वरून जोरात हाताने ठोकायचं, सैल असेल तर कळतं. दोन मिनिटांचं काम आहे.

अकरा वर्षं टांगलेल्या सायकलचे टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर आणि चारही वायरी बदलाच. टायरची हवा काढून त्याची कड दोन बोटांत वाकवून बघा. नखाएवढ्या भेगा उघडल्या तर तो टायर घाटात नेऊ नका, वरून कितीही काळाभोर दिसू दे. ब्रेकचं रबर नखाने दाबा, खूण उमटली नाही तर ते दगड झालंय. चाकांतलं आणि पेडलमधलं ग्रीस वाळलेलं असतं, ते उघडून पुन्हा भरायला सांगा. हे काम धुण्यापुसण्यात येत नाही, वेगळं सांगावं लागतं, आणि समोर उभं राहून करून घ्यावं लागतं.

सीटची उंची : टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली आणा, पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चालवताना चवडा पेडलवर आला की गुडघा थोडा वाकलेला राहतो. गुडघ्याची वाटी पुढून दुखली तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखलं तर वर. चढाला जड गिअर रेटू नका, हलका टाकून पाय मिनिटाला ८०-९० वेळा फिरू द्या. घाटात ते शक्य नाही, तिथे ६०-७० ला खाली येतं, हरकत नाही. उतारावर वळणाच्या आधी ब्रेक लावायचा, वळणात सोडायचा. सतत धरून ठेवला की रिम तापते.

आठवडा मी असा लावला : मंगळ-गुरू पळणं, बुधवारी तासभर हलकी सायकल, शनिवारी लांब सायकल, सोमवारी आणि शुक्रवारी पूर्ण सुट्टी. रविवार बायको-मुलांचा. पळण्याच्या आदल्या दिवशी घाट नको, मांड्या थकल्या की पाऊल आपटत पडतं.

-----

श्रावणसर | २५ मार्च, दुपारी ४.४५

हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. पुण्यात राहते, तळजाईवर पळते. दुसऱ्या बाळंतपणानंतर चौदा महिन्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि दोनशे मीटरवर जीव घाबरा व्हायचा. सगळे म्हणायचे वजन वाढलंय, होईल सवय. तीन महिने स्वतःला दोष देत राहिले. शेवटी हिमोग्लोबिन तपासलं तर ९.४. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, चहा जेवणापासून दोन तास लांब ठेवायला सांगितला. तीन महिन्यांनी तीच टेकडी, तीच मी, आणि वरच्या मारुतीपर्यंत न थांबता गेले. तिथे बसून रडले.

बायकांनो, दम लागत असेल तर आधी रक्त तपासा. आणि पळताना, शिंकताना लघवीचा थेंब सुटत असेल तर ‘बाळंतपणानंतर असं होतंच’ म्हणून गप्प बसू नका. त्यावर व्यायाम आहेत, ते शिकवणारे फिजिओ आहेत. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या आईला आणि सासूलाही कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या सातारा जिल्ह्यातल्या माणच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोहोचल्या, तेव्हा मी पहिल्या मुलीला मांडीवर घेऊन ती शर्यत पाहिली होती. ती मुलगी आता माझ्याबरोबर टेकडीवर येते.

-----

पायवाट | २५ मार्च, रात्री १०.२०

श्रावणसर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. बाळंतपणानंतर पळायला किमान तीन महिने थांबावं, सिझेरियन असेल तर अजून सावकाश, आणि थेंब सुटत असेल किंवा खाली जडपणा वाटत असेल तर आधी ते बरं करावं. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणींपैकी एखादीच हे न विचारता सांगते.

-----

मीठभाकर | २७ मार्च, सकाळी ९.००

रत्नागिरी. घाटावरच्या लोकांना एक सांगतो, कोकणात उतरलात तर तुमचा वेग विसरा. हवेत एवढी वाफ असते की घाम वाळत नाही, अंग थंडच होत नाही. मी मार्च ते मे साडेपाचच्या आत पळून घेतो. आल्यावर कोकमाचं सरबत, चिमूटभर जास्त मीठ घालून. सायकलची साखळी दर आठवड्याला पुसून तेल, खाऱ्या हवेत पंधरा दिवसांत लाल होते.

-----

इसारकाठ | २७ मार्च, रात्री ११.५०

म्युनिकहून. इथे सायकलला पुढे-मागे दिवा कायद्यानेच लागतो, म्हणून एक सवय लागली ती सांगते : पहाटे निघत असाल तर मागचा लाल दिवा आणि अंगावर चमकणारी पट्टी हवीच. आपल्याकडे भारतात पळताना फूटपाथ नसेल तर समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उजव्या कडेने पळा, सायकलवर मात्र डावीकडूनच. गेल्या डिसेंबरात साताऱ्याजवळ माहेरी आले होते तेव्हा पहाटे काळ्या कपड्यांत पळणारे कितीतरी जण अगदी गाडीसमोर आल्यावर दिसले. फार भीती वाटली.

-----

सह्यधार | २८ मार्च, सकाळी ६.०५

पायवाट ताई, तुमचं उत्तर दोन दिवस डोक्यात होतं. काल मैदानावर बारा पोरांना अंगठ्याने नडगी दाबून बघायला लावली. एका पोराला एकाच जागी कळ आली, ओरडलाच. महिनाभर सांगत नव्हता, भरती जवळ आली म्हणून. आज त्याला दवाखान्यात नेतोय.

-----

यवतेश्वर_पायथा | ८ मे, रात्री १०.१५

उशिरा लिहितोय, माफ करा. पण तुमच्यामुळे बरंच घडलं.

सोळा दिवस पळलो नाही. जिन्यावर टाचा वर-खाली केल्या, मुलगी शेजारी उभी राहून मोजायची. तिचे बारा माझ्यापेक्षा लवकर व्हायचे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं सुरू केलं. सर, पाढ्यांची युक्ती माझ्यासाठी सोन्याची ठरली. पहिल्या दिवशी लक्षात आलं की मी ज्याला ‘हळू’ समजत होतो त्या वेगात मला ‘सतरा दुणे’च्या पुढे जाता येत नाही. म्हणजे महिनाभर मी रोज शर्यतच पळत होतो. आता इतकं हळू पळतो की ‘चार भिंती’ या ठिकाणाकडे चालायला जाणारे आजोबा माझ्या बरोबरीने असतात. आम्ही गप्पा मारतो. त्यांनी मला रस्त्याकडेची करवंदांची जाळी दाखवली, अकरा वर्षांपूर्वी कितीदा तिथून धावत गेलो असेन, कधी दिसली नव्हती.

सध्या तीन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. नडगी सकाळी अंथरुणातून उठताना थोडी आखडलेली असते, दहा पावलांत सुटते. पायवाट ताई, हे चालेल ना?

सायकलचे टायर, वायरी, रबर सगळं बदललं, दुसऱ्या दुकानात, शेजारी स्टूल टाकून बसून. चाकातलं ग्रीस उघडलं तर वाळून मेणासारखं झालं होतं.

-----

पायवाट | ९ मे, दुपारी १.००

दहा पावलांत सुटत असेल तर चालेल. पळून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्यापेक्षा जास्त आखडलं तर त्या आठवड्यात वाढवू नका. आणि उतारावर पळायची घाई नको. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, म्हणून दोन दिवस जिने उतरवत नाहीत. थोडा थोडा उतार दिला की स्नायू शिकतो.

-----

यवतेश्वर_पायथा | २० जुलै, सकाळी ११.३०

एचबीएवनसी ५.८. रात्रीचा भात निम्मा केला, तोही वाटा आहेच. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

आज पहाटे घाटात धुकं इतकं होतं की पुढचं वळण दिसत नव्हतं. यवतेश्वरच्या पायथ्यापासून चढायला लागलो, सायकल नाही, पायांनी. जिथे पाढा तुटला तिथे चाललो, श्वास जुळला की पुन्हा पळलो. चार ठिकाणी चालावं लागलं. वर पोहोचलो तेव्हा पाऊस लागला. उतरताना पूर्ण चालत आलो. आता घरी बसून नडगी दाबून बघितली, काही नाही.

यंदाच्या हिल हाफमध्ये नाव दिलेलं नाही. पुढच्या वर्षी देईन. कास फुलायला लागलं की शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते, म्हणून सायकल सप्टेंबरभर मधल्या वारी काढणार आहे. कोणी येणार असेल तर घरी मुक्कामाची सोय आहे.

-----

गोदाकाठ | २० जुलै, दुपारी १२.१०

सप्टेंबरचा पहिला बुधवार धरा. सायकल गाडीवर बांधून येतो.

-----

निवृत्त_गणितमास्तर | २० जुलै, रात्री ८.००

मी एसटीने येईन. सायकल नाही, पण घाट तुमच्याबरोबर पायी चढेन, बहुतेक सगळा चालतच. तोवर एकोणतीसचा पाढा पक्का करून ठेवा. सतरा आता तुम्हाला सोपा झाला असेल.

-----

यवतेश्वर_पायथा | २० जुलै, रात्री ८.२५

सर, पोवई नाक्यावर उतरा, मी घ्यायला येतो. मुलीने आत्ताच वहीत लिहायला घेतलाय. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशीपर्यंत आलोय.